शरणपूरचा एक वर्ग

फेब्रुवारी सरत आला, की दिंडोरी तालुक्यातील शाळाशाळांतून दहावीच्या विद्यार्थ्यांचे निरोप समारंभ होऊ लागतात. शिवारात द्राक्षांच्या तोडणीची घाई चालू असते आणि शाळेत बाके एका बाजूला सारून सतरंज्या अंथरलेल्या असतात. जाणारा वर्ग वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचे घड्याळ किंवा एखाद्या थोर पुरुषाची तसबीर भेट देतो. नववीची मुले गुलाबाचे फूल देतात. समूहछायाचित्र निघते आणि मग दोन-चार विद्यार्थी आपले मनोगत व्यक्त करतात. या मनोगतांचा साचा ठरलेला असतो. शाळा ही दुसरी आई, गुरुजनांचे ऋण कधी न फिटणारे, हे दिवस पुन्हा येणार नाहीत. हे शब्द खोटे नसतात, परंतु बहुधा पाठ केलेले असतात. ज्याला खरोखर काही सांगावयाचे असते, तो मुलगा पुष्कळदा शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसलेला असतो.

शाळेचा इतिहास लिहिण्याची वेळ येते तेव्हाही असेच घडते. कोणतीही रौप्यमहोत्सवी स्मरणिका चाळून पाहावी. संस्थापक, मुख्याध्यापकांची परंपरा, इमारत निधीचे देणगीदार, निकालाची टक्केवारी हे सारे तीत सापडते. विद्यार्थी भेटतो तो पटसंख्येच्या आकड्यात, फार तर गुणवत्ता यादीत चमकलेल्या एखाद्या नावात. ज्यांच्यासाठी शाळा उभी राहिली त्यांना ती कशी दिसली, हे पान कोरेच राहते.

ते कोरे पान किती मोलाचे असते, याची साक्ष देणारी मुले आपल्याच जिल्ह्यात शिकून गेली. दिंडोरीहून पंचवीसएक किलोमीटरवर नाशिक शहरात आपण ज्याला शरणपूर रोड म्हणतो, त्या परिसरात त्यांची शाळा होती. आजच्या अर्थाने तो काही एका वर्षी परीक्षेला बसलेला वर्ग नव्हता. निरनिराळ्या वर्षी बाहेर पडलेल्या त्या तुकड्या होत्या. परंतु जगाने त्या सर्वांना एकाच नावाने ओळखले : 'नाशिकची मुले'. हा इतिहास आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेचा नव्हे. आपला नाशिक धर्मप्रांत १९८७ सालचा. ही हकिकत त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची आणि अँग्लिकन मिशनची आहे. तरीही ती आपली आहे. ती कशी, हे वाचकांना पुढे दिसेल.

आश्रयाचे गाव

चर्च मिशनरी सोसायटी या संस्थेने १८३२ साली नाशिकमध्ये कार्य आरंभले. पहिल्या मिशनऱ्यांपैकी एक होते चार्ल्स पिनहॉर्न फॅरर. त्यांचा मुंबईत १८३१ साली जन्मलेला मुलगा फ्रेडरिक पुढे इंग्लंडात नामांकित धर्मोपदेशक व लेखक झाला. त्याने १८५८ साली 'एरिक' नावाची शालेय जीवनावरील कादंबरी प्रसिद्ध केली आणि ती त्या काळच्या इंग्लंडात घरोघरी वाचली गेली. शाळेच्या दिवसांकडे वळून पाहणाऱ्या इंग्रजी वाङ्मयात या पुस्तकाचे नाव आजही घेतले जाते. हे फॅरर आडनाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५४ साली नाशिकच्या पश्चिमेला ख्रिस्ती लोकांची एक वसाहत वसवली. धर्मांतरामुळे घरादाराला पारखे झालेल्यांना आसरा मिळावा, हा तिचा हेतू. म्हणून नाव ठेवले शरणपूर. तेथे शाळा व कारखाने निघाले. पुढे १८६०च्या सुमारास तेथे वेगळ्याच प्रकारचे शरणार्थी येऊ लागले.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांची गलबते अरबस्तानाकडे जात. ब्रिटिश आरमाराची जहाजे ती अडवीत आणि आतील माणसांची सुटका करीत. सुटका झालेल्यांना परत त्यांच्या गावी पोहोचवणे शक्य नसे. कारण गाव कोठे, हे पुष्कळ लेकरांना सांगताच येत नसे, आणि सांगता आले तरी तेथे पुन्हा पकडले जाण्याची धास्ती असे. अशा अनेकांना मुंबईस आणण्यात आले आणि त्यांतील काही मुलामुलींना मिशनच्या स्वाधीन केले गेले. इथिओपियात काम केलेले जर्मन मिशनरी आयझेनबर्ग यांनी त्यांची काळजी वाहिली. पुढे या मुलांचा आश्रम शरणपुरात आला. तेथे त्यांना वाचन, लेखन, इंग्रजी आणि पवित्र शास्त्र शिकवले जाई; जोडीला सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातचे धंदेही असत.

तेथेच त्यांना नावे मिळाली. याओ जमातीचा चेंगविम्बे हा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. कोणी प्राइस झाला, कोणी आयझेनबर्ग, आणि एक मुलगा केरस फॅरर. बाप्तिस्म्यात नवे नाव मिळणे ही आपल्याला परिचित व प्रिय गोष्ट आहे. परंतु येथे आडनावही बदलले आणि ते उपकारकर्त्यांचे लागले. ज्या मुलाला आईबापांचे नाव सांगता येत नाही, त्याला दुसरे कोणते आडनाव द्यावयाचे, असा प्रश्न शिक्षकांपुढे असेल. आपल्या तालुक्यातील शाळांच्या जनरल रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख किती जणांच्या नावापुढे आढळते, हे शिक्षकांना ठाऊक आहे. पाड्यावरच्या बापाला तारीख सांगता आली नाही, तेव्हा गुरुजींनी ती लिहून टाकली. त्यात दुष्टावा नव्हता. पण आयुष्यभर ती तारीख वागवावी लागली ती मुलाला.

निरोप

पहिला निरोप १८६४ साली झाला. जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे तिघे मोंबासाजवळच्या रबाई येथे मिशनरी योहान रेबमान यांच्या मदतीला गेले.

त्याच वर्षी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपली छोटी आगबोट घेऊन समुद्र ओलांडून मुंबईस आला होता. त्याच्याबरोबर आलेल्या चुमा व विकातानी या दोन मुलांना त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतील शाळेत ठेवले. १८६५ साली तो परत आला, तेव्हा गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या प्रोत्साहनाने त्याने शरणपूरच्या शाळेतून नऊ मुले निवडली. पुढील वर्षी तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा त्याच्या तुकडीत १३ हिंदी शिपाई, १० जोहाना बेटावरचे लोक, नाशिकची ९ मुले, शुपांगाचे दोघे आणि चुमा व विकातानी होते.

या मुलांविषयी लिव्हिंग्स्टनने आपल्या रोजनिशीत बरे लिहिलेले नाही. ती आळशी आहेत, रेंगाळतात, सामान टाकतात, अशा तक्रारी तीत वारंवार येतात. कारखान्यात रंधा धरायला शिकलेल्या मुलांना गवताळ रानातून ओझी वाहून नेण्याचे काम जड गेले, यात नवल ते काय? शाळेने त्यांना एका जगासाठी तयार केले आणि पाठवले दुसऱ्याच जगात. परंतु त्याच रोजनिशीत १८६६च्या जुलैमधील एक नोंद अशी आहे, की ती वाचल्यावर या तक्रारींचा विसर पडतो. वाटेत अब्राहम नावाच्या मुलाला त्याचा मामा भेटला. अब्राहमला पळवून नेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणी याही विकल्या गेल्या होत्या. मामाने त्याला राहण्याचा खूप आग्रह केला. लिव्हिंग्स्टननेही केला. अब्राहम राहिला नाही. जेथे आई नाही, बहीण नाही, तेथे मी कसा राहू, असे त्याचे म्हणणे होते.

शाळेतून परतलेल्या मुलाला गाव सापडले, पण घर सापडले नाही. अब्राहमच्या त्या उत्तरात त्याच्या शालेय जीवनाचेही सिंहावलोकन आहे, असे मला वाटते. शरणपूरने त्याला अन्न दिले, अक्षर दिले, श्रद्धा दिली. आईची जागा मात्र शाळेने घेतली नव्हती. 'शाळा ही दुसरी आई' हे वाक्य सहज उच्चारताना आपण अब्राहमला आठवावे.

चितांबोच्या गावी

१८७२ साली लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठी मदत-मोहीम निघाली, तेव्हा शरणपूरहून आणखी सहा तरुण पाठवण्यात आले. जेकब वेनराइट व जॉन वेनराइट, रिचर्ड रटन व बेंजामिन रटन, मॅथ्यू वेलिंग्टन आणि केरस फॅरर ही त्यांची नावे. लिव्हिंग्स्टन आधीच स्टॅन्लीला भेटल्यामुळे ती मोहीम बारगळली, पण हे तरुण स्टॅन्लीने पाठवलेल्या माणसांबरोबर लिव्हिंग्स्टनपर्यंत पोहोचले.

१८७३च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियात चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी, लिव्हिंग्स्टन मरण पावला. त्याचे देह तेथेच पुरून परतणे सोपे होते. सोबत्यांनी ते केले नाही. सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी देह किनाऱ्यापर्यंत नेण्याचे ठरवले. देह उघडून आतील अवयव काढण्याच्या कामी केरस फॅररने हात लावला. लिव्हिंग्स्टनचे हृदय एका झाडाखाली पुरले आणि जेकब वेनराइटने तेथे अंत्यविधीची प्रार्थना वाचली. मग त्याने झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. शरणपूरच्या शाळेत शिकलेले वाचन व अक्षर आफ्रिकेच्या अंतर्भागात अशा प्रकारे उपयोगी पडले. त्यासाठी त्याला कोणत्याही परीक्षेत गुण मिळालेले नव्हते.

उन्हात वाळवलेला देह झाडाच्या सालीत व कापडात बांधून ही मंडळी निघाली. उनयानयेम्बे येथे लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. त्याने देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी नकार दिला. पुढे एका ठिकाणी गावकरी प्रेत पुढे जाऊ देईनात, तेव्हा देहाला कापडाच्या गठ्ठ्याचे रूप देऊन वाट काढावी लागली. हजाराहून अधिक मैलांची ही वाट त्यांनी सुमारे नऊ महिन्यांत तुडवली. मृत्यूची वार्ता बाहेरच्या जगाला कळली ती जेकब वेनराइटने लिहून पुढे धाडलेल्या पत्रामुळे.

१८७४च्या फेब्रुवारीत ते बागामोयो या किनाऱ्यावरच्या गावी पोहोचले. तेथे पवित्र आत्मा संघाच्या कॅथोलिक धर्मगुरूंचे १८६८पासून मिशन होते. गुलामीतून सोडवलेल्या मुलांसाठी त्यांनीही शाळा आणि वसाहत चालवली होती. एका स्कॉटिश प्रॉटेस्टंट मिशनऱ्याचा देह, नाशिकच्या अँग्लिकन शाळेत शिकलेल्या आफ्रिकी तरुणांनी आणलेला, त्या कॅथोलिक देवळात रात्रभर ठेवण्यात आला. ख्रिस्ती ऐक्याची चर्चा आपल्याकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर जोमाने सुरू झाली. बागामोयोच्या त्या देवळात कोणी चर्चा केली नाही, दार उघडले.

देहाबरोबर इंग्लंडपर्यंत जेकब एकटाच गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीला हात देणाऱ्या आठ जणांत स्टॅन्ली, कर्क यांच्या बरोबरीने नाशिकच्या शाळेचा हा माजी विद्यार्थीही होता.

घरी परतलेले परके

याच सुमारास शरणपूरची आफ्रिकी शाळा संपली. झांझिबारच्या सुलतानाने १८७३ साली गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. त्यानंतर मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रियरटाउन ही वसाहत वसवण्यात आली. ती उभारावयास शरणपूरचेच प्राइस गेले आणि नाशिकहून शंभराहून अधिक आफ्रिकी स्त्रीपुरुष तेथे नेण्यात आले. ते शिक्षक झाले, सुतार झाले, दुभाषे झाले, धर्मशिक्षक झाले. गुलामांचे व्यापारी चाल करून आले तर इशारा देण्यासाठी तेथे एक घंटा टांगलेली होती. मोंबासात तिचे स्मारक आजही आहे.

परंतु आफ्रिकेत पाऊल ठेवल्यावर त्यांना नाव पडले 'बॉम्बे आफ्रिकन'. नाशिकला ते आफ्रिकी होते. आफ्रिकेत ते मुंबईकडचे ठरले. स्थानिकांना त्यांचे वागणे परके वाटे, तर युरोपीय मिशनऱ्यांना त्यांनी मागितलेली बरोबरीची वागणूक उद्धटपणाची वाटे. वेतन आणि अधिकार यांवरून कुरबुरी झाल्या. शाळेने सर्व माणसे देवाची लेकरे असल्याचे शिकवले आणि विद्यार्थ्यांनी ते खरे मानले. ज्या संस्थेने हे शिकवले, तिलाच ते ऐकून घेणे जड गेले. हा अनुभव केवळ फ्रियरटाउनचा नाही. कोणतीही मिशन-शाळा तो आपल्या अंगणात शोधू शकेल.

रबाईला गेलेल्या पहिल्या तिघांपैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर यांना १८८५ साली दीक्षा मिळाली. दीक्षा देणारे बिशप जेम्स हॅनिंग्टन त्याच वर्षी जोन्सला बरोबर घेऊन युगांडाकडे निघाले. मुख्य तांडा जोन्सच्या हवाली करून बिशप पुढे गेले आणि ऑक्टोबरअखेर युगांडाचा राजा म्वांगा याच्या हुकमाने मारले गेले. बातमी कळल्यावर तांडा सुखरूप परत आणण्याची जबाबदारी जोन्सवर पडली. १८८६च्या आरंभी तो रबाईला परतला, तेव्हा तांड्यापुढे एक निळे निशाण होते आणि त्यावर 'ईखाबोद' हा बायबलमधील शब्द लिहिलेला होता : वैभव निघून गेले.

याच घटनेपाशी ही हकिकत आपल्या दाराशी येते. बिशप हॅनिंग्टन यांच्या हत्येबद्दल म्वांगाला त्याच्या तोंडावर दोष देणारा दरबारी होता जोसेफ मुकासा बालिकुद्देम्बे, एक कॅथोलिक. १५ नोव्हेंबर १८८५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. युगांडाच्या कॅथोलिक हुतात्म्यांत तो पहिला. चार्ल्स ल्वांगा व त्यांचे सोबती पुढच्या वर्षी गेले. पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली या हुतात्म्यांना संतपद दिले, तेव्हा प्रवचनात अँग्लिकन हुतात्म्यांचेही स्मरण केले. आपण दर वर्षी ३ जूनला ज्यांचा सण पाळतो, त्यांच्या इतिहासाला नाशिकच्या शाळेतील एका विद्यार्थ्याच्या पायवाटेचा स्पर्श झालेला आहे.

न विचारलेला प्रश्न

या वर्गाने मागे काय ठेवले? जेकब वेनराइटने रोजनिशी लिहिली. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूसमयी हजर असलेल्या आफ्रिकी माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेला हा एकमेव वृत्तान्त आज उपलब्ध आहे. १८७४ साली तो जर्मन भाषांतरात छापला गेला. मूळ हस्तलिखित स्कॉटलंडमधील संग्रहालयात राहिले आणि २०१९ साली संगणकाद्वारे सर्वांना खुले झाले. केरस फॅररनेही आपली हकिकत लिहून ठेवली. ती १९५० साली युगांडातील एका इतिहासविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. येथे ते आडनाव पुन्हा येते. एका फॅररच्या लेखणीतून उतरलेली शाळेची कादंबरी लिहिताक्षणी घरोघरी पोहोचली. त्याच्या वडिलांच्या मिशनमधील दुसऱ्या फॅररची काही पाने उजेडात यावयास पाऊणशे वर्षे लागली, आणि तीही लिव्हिंग्स्टन गेला कसा, एवढ्याचसाठी वाचली गेली. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ साली मोंबासात वारला. लिव्हिंग्स्टनशी जोडलेला शेवटचा जिवंत दुवा म्हणून त्याच्यावर इंग्रजीत छोटे पुस्तक निघाले.

म्हणजे या मुलांना जगाने प्रश्न विचारले नाहीत असे नाही. पण जवळजवळ सारे प्रश्न त्या थोर माणसाविषयीचे होते. तुमची शाळा कशी होती? आडनाव बदलले तेव्हा काय वाटले? पहिल्या रात्री तुमच्याशी तुमच्या भाषेत कोणी बोलले का? सुतारशाळेत सोबत कोण होते आणि त्याचे पुढे काय झाले? हे प्रश्न अगदी थोड्यांना सुचले. मिशनचे अहवाल आहेत, संख्या आहेत, प्राइस यांची कामगिरी आहे. विद्यार्थ्याची साक्ष मात्र आपल्याला लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीतील अब्राहमच्या एखाद्या उत्तरातून वेचावी लागते.

तेव्हा दिंडोरीसारख्या तालुक्यातील शाळांना, आपल्या धर्मप्रांतातील शाळा व वसतिगृहांना आणि इतरांनाही एक नम्र सूचना करावीशी वाटते. निरोप समारंभात भिंतीवर एक घड्याळ कमी लागले तरी चालेल. त्याऐवजी एक जाड बांधणीची वही ठेवावी आणि जाणाऱ्या वर्गातील प्रत्येकाने तीत एक पान लिहावे. ते पान शिक्षकांनी तपासू नये, शुद्धलेखन सुधारू नये. पाठ केलेले मनोगत नको. साध्या प्रश्नांची साधी उत्तरे हवीत. पहिल्या दिवशी शाळेत कोण घेऊन आले? घरी कोणती बोली बोलत होता आणि ती वर्गात बोलल्यावर काय झाले? तोडणीच्या दिवसांत किती दिवस शाळा बुडाली? कोणत्या शिक्षकाने कोणत्या दिवशी हात दिला? आणि अखेरचे : पहिलीत तुमच्याबरोबर बसलेले कोण कोण आज या छायाचित्रात नाही, आणि का?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गळतीच्या तक्त्यात सापडत नाही. ऊसतोडीला गेलेला, लग्न होऊन सासरी गेलेली, वडील वारल्यावर बागेत मजुरीला लागलेला, या साऱ्यांची नावे त्यांच्या बाकावरच्या सोबत्यांनाच आठवतात. तीही फार वर्षे आठवत नाहीत. सोळाव्या वर्षी ती लिहून घेतली तर राहतील.

ती वही जनरल रजिस्टराच्या शेजारी कपाटात ठेवावी. रजिस्टरात शाळेने मुलाविषयी लिहिलेले असते. या वहीत मुलाने शाळेविषयी लिहिलेले असेल. शाळेचा इतिहास लिहावयाचा झाला तर दोन्ही लागतील. शरणपूरच्या वाट्याला पहिलेच आले.